पाणी शोधावे तर पुणे सापडते: फोनमधल्या जुन्या मराठी संदेशांचा शोध

फोनमधल्या मेसेजिंग ॲपमध्ये जुना संदेश किती लवकर सापडेल, हे तीन गोष्टींवर ठरते. संदेश साठवलेला कुठे आहे, त्या साठ्याची सूची कशी केली आहे आणि शोधणाऱ्याने कोणता शब्द टाकला आहे. पहिल्या दोन गोष्टी ॲप बनवणाऱ्यांच्या हातात असतात, तिसरी वापरणाऱ्याच्या. पण मराठीत लिहिणाऱ्याला पहिल्या दोन ठाऊक नसतील, तर तिसरी नीट जमत नाही. पुण्यातल्या कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप घ्यावा. गुरुवारी पाणी बंद असल्याच्या महापालिकेच्या सूचना, टँकरची बिले, मेंटेनन्सच्या पावत्या, लिफ्टवाल्याचा नंबर, गणपतीची वर्गणी आणि रोजचे ‘शुभ सकाळ’ हे सगळे तिथे एकापाठोपाठ एक येते. सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत टँकरच्या खर्चावर कोणी प्रश्न विचारला, की फेब्रुवारीतला एक नेमका संदेश काढून दाखवावा लागतो. बोटाने वर सरकत गेले तर अर्धा तास सहज जातो. शोध नीट केला तर तोच संदेश मिनिटभरात हाती येतो.

हजारो संदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जाणे संगणकालाही परवडत नाही. त्यासाठी आधीच एक उलटी सूची करून ठेवतात. साठ्यात संदेशाखाली त्यातले शब्द असतात, सूचीत शब्दाखाली तो आलेले संदेश असतात. नवा संदेश आला की त्याचे तुकडे पाडून प्रत्येक शब्दापुढे त्या संदेशाचा क्रमांक टिपला जातो. शोधताना मग सगळा साठा चाळावा लागत नाही, सूचीतला एकच शब्द उघडायचा.

हीच रीत कागदावर केवढ्या प्रमाणात राबवता येते, याचे उदाहरण पुण्यातच, येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये आहे. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी 1948 मध्ये तिथे संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू केले. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे पंधराशे ग्रंथांतले शब्द, त्यांच्या संदर्भासह, एकेका चिठ्ठीवर उतरवले गेले. वर्णानुक्रमाने लावलेल्या या चिठ्ठ्यांची संख्या सुमारे एक कोटी आहे. चिठ्ठ्यांचे काम 1973 पर्यंत चालले आणि कोशाचा पहिला भाग 1976 मध्ये निघाला. एखादा शब्द कुठे कुठे आला, हे सांगायला आज फोनला क्षणही लागत नाही, पण तत्त्व त्या चिठ्ठ्यांचेच आहे. शब्द कुठून तोडायचा, त्याचे मूळ रूप कोणते आणि तो कोणत्या मथळ्याखाली लावायचा, हे तिथे जाणती माणसे ठरवत. फोनमध्ये ते एक छोटी आज्ञावली ठरवते आणि ती बहुतेक वेळा मराठी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली नसते.

साठा कुठे आहे यानेही बराच फरक पडतो. व्हॉट्सॲपने एप्रिल 2016 मध्ये सर्व संभाषणांना टोकापासून टोकापर्यंतचे कूटलेखन लागू केले. तेव्हापासून संदेशाचा मजकूर कंपनीच्या सर्व्हरला वाचता येत नाही. जे वाचता येत नाही त्याची सूचीही करता येत नाही, म्हणून व्हॉट्सॲपमधला शोध पूर्णपणे त्या फोनवरच्या साठ्यात चालतो. सिग्नलचेही तसेच आहे. टेलिग्रामच्या साध्या गप्पा मात्र कंपनीच्या सर्व्हरवर असतात. त्यामुळे नव्या फोनवर लॉगिन केल्याबरोबर दहा वर्षांपूर्वीचा संदेशही शोधता येतो, अपवाद फक्त गुप्त गप्पांचा. सोय आणि खासगीपणा यांतली ही देवाणघेवाण वापरणाऱ्याने समजून करावी. व्हॉट्सॲपवर फोन हरवला आणि बॅकअप नसला, तर शोधायला काहीच उरत नाही. जोडलेल्या संगणकावरही सगळा इतिहास उतरलेला असेलच असे नाही. जुना संदेश संगणकावर मिळाला नाही म्हणून तो पुसला गेला असे समजू नये, तो मूळ फोनवर पाहावा.

आता मराठीची गोष्ट. फोन अक्षरे ओळखतो ती आकारावरून नव्हे, क्रमांकावरून. देवनागरीला असे क्रमांक देण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे तिथे वाढले. भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली याच परंपरेतली. 1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हा देवनागरीच्या अक्षरांची मांडणी इस्कीच्या 1988 च्या आराखड्यावरून घेण्यात आली. आज जगातला प्रत्येक फोन मराठी अक्षर ज्या क्रमांकावरून ओळखतो, त्याच्या मागे ही मांडणी आहे.

एकच दिसणारे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येते, इथून अडचण सुरू होते. ‘दुसऱ्या’ किंवा ‘पायऱ्या’ यांतला अर्धा र नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडूनही तयार होतो आणि साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देऊनही. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, फोनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. ‘ॲ’चेही तसेच. 2008 मध्ये युनिकोडने त्याला स्वतंत्र क्रमांक दिला. त्याआधी ‘अ’वर चंद्राची खूण देऊन तो लिहिला जात असे आणि अजूनही कित्येक कळफलक तसाच लिहितात. म्हणजे एकाने लिहिलेले ‘ॲप’ दुसऱ्याच्या शोधाला सापडेलच याची खात्री नाही. युनिकोडमध्ये समान अक्षरांचे एकीकरण करण्याची प्रमाणित पद्धत आहे, पण ‘ॲ’ची ही दोन रूपे आणि अर्ध्या ‘र’ची वर सांगितलेली दोन रूपे तिच्या कक्षेत येत नाहीत. ती ॲप बनवणाऱ्याने मुद्दाम जुळवून घ्यावी लागतात. मराठी लिहिणाऱ्यांची संख्या पाहता, हे काम कोणाच्या तरी कधीतरीच्या सवडीवर सोडणे बरोबर नाही.

दुसरी अडचण याहून खोल आहे. फोनमधल्या असंख्य ॲपचा साठा ‘एसक्यूलाइट’ नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये असतो. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचे संदेशही त्याच पद्धतीच्या फायलीत राहतात. एसक्यूलाइटमध्ये मजकूर शोधण्याची तयार सोय आहे आणि मजकुराचे शब्द पाडण्याची ‘युनिकोड 61’ नावाची एक पद्धत तिच्यासोबत येते. तिच्या मूळ ठेवणीत अक्षरे आणि अंक एवढेच शब्दाचे घटक मानले जातात, बाकी जे येईल ते दोन शब्दांमधली फट. रोमन लिपीला हे चालते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त ही चिन्हे युनिकोडच्या वर्गवारीत अक्षरे नाहीत. त्यामुळे ‘पाणी’ या शब्दाचे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे होतात. ‘पुणे’चेही तेच दोन आणि ‘पेण’चेही. पाणी शोधायला जावे आणि यादीत पुणे व पेण यावे, असा प्रकार यातून घडतो. उपाय अवघड नाही. मात्रांनाही शब्दाचा भाग माना, अशी सूचना त्या पद्धतीला देता येते. पण ती द्यायला हवी हे लक्षात येण्यासाठी बनवणाऱ्याने आपले ॲप एकदा तरी मराठीत वापरून पाहिलेले असावे लागते. एखाद्या ॲपचा शोध मराठीत भलतेच निकाल देत असेल, तर दोष लिहिणाऱ्याच्या शुद्धलेखनाचा असेलच असे नाही.

तिसरी अडचण व्याकरणाची, आणि ती रोजची आहे. मराठीत नामाला प्रत्यय लागण्याआधी त्याचे सामान्यरूप होते. ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्याचा टँकर’ सापडत नाही, कारण ‘पाण्याचा’ या शब्दात ‘पाणी’ ही अक्षरे त्या क्रमाने नाहीतच. ‘पावती’वरून ‘पावत्या’ मिळत नाहीत, ‘भाडे’वरून ‘भाड्याने’ मिळत नाही. ‘वीज’ आणि ‘दूध’ यांची गंमत आणखी पुढची. शाळेत सगळेच शिकतात की उपान्त्य दीर्घ ई-ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतात: विजेचे बिल, दुधाचा हिशेब. ज्याने हा नियम मनापासून पाळला, त्याचा संदेश ‘वीज’ या शब्दाने सापडत नाही. इथे व्यवहारात उपयोगी पडणारी युक्ती अशी, की शब्द पूर्ण लिहू नये. न बदलणारा सुरुवातीचा भाग तेवढा लिहावा. बहुतेक ॲपमधला शोध शब्दाच्या आरंभाशी जुळणी करतो, त्यामुळे ‘पावत’ लिहिले की पावती, पावतीची, पावत्या हे सगळे एकत्र येते आणि ‘भाड’ लिहिले की भाडे, भाड्याने, भाडेकरू. ‘वीज’सारख्या शब्दांसाठी मात्र ‘वीज’ आणि ‘विजे’ असे दोनदा शोधणे भाग आहे.

यापुढे येते लिहिण्याची विविधता. ‘कोथरूड’ आणि ‘कोथरुड’ दोन्ही लिहिले जाते, ‘मेंटेनन्स’चे ‘मेन्टेनन्स’ही होते. शिवाय अनेक जण मराठी रोमन लिपीत लिहितात आणि तिथे ‘पाणी’ची तीन-चार स्पेलिंगे सहज होतात. ही सवय आळसातून आली असे म्हणणे अन्यायाचे आहे. एसएमएसच्या काळात रोमन अक्षरांत एका संदेशात 160 वर्ण मावत, देवनागरीत फक्त 70. त्यातच बऱ्याच फोनवर देवनागरी नीट दिसतही नसे. पैसे वाचवायचे आणि समोरच्याला वाचता यावे, तर रोमन लिपीवाचून गत्यंतर नव्हते. आता दोन्ही कारणे उरली नाहीत, सवय उरली आहे. त्यामुळे शोधताना आधी आठवावे की संदेश कोणी लिहिला होता आणि तो माणूस कोणत्या लिपीत लिहितो. अंकांचीही हीच कथा. एकाचा ‘१५००’ दुसऱ्याच्या ‘1500’ने सापडेल याची हमी नाही.

शब्दाऐवजी अर्थावर शोध घेणे हा यावरचा पुढचा टप्पा. त्यात वाक्याचे रूपांतर आकड्यांच्या लांब ओळीत करतात आणि जवळच्या अर्थाच्या वाक्यांच्या ओळी एकमेकींच्या जवळ येतात. मग ‘टँकर कधी येणार’ या शोधाला ‘पाण्याची गाडी उद्या सकाळी’ हा संदेशही मिळू शकतो. पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या संशोधनगटाने 2022 मध्ये ‘महाकॉर्पस’ हा मराठी मजकुराचा संग्रह आणि त्यावर शिकवलेले ‘महाबर्ट’ हे भाषा-प्रारूप खुले केले. पाठोपाठ वाक्यांच्या अर्थसाम्यासाठीचे प्रारूपही आले. मराठीसाठी पाया घातला गेला आहे. कूटलेखन असलेल्या ॲपमध्ये मात्र असे प्रारूप फोनवरच चालवावे लागेल, म्हणजे ते आटोपशीर हवे आणि बॅटरी खाणारे नको.

तोवर शोधाची कला ही मुख्यतः शब्द निवडण्याची कला आहे. ‘पाणी’, ‘मीटिंग’, ‘नमस्कार’ असे शब्द शेकडो संदेशांत असतात. जो शब्द त्या एकाच संदेशात असण्याची शक्यता आहे तो टाकावा: गाडीच्या नंबरातले चार अंक, बिलाची नेमकी रक्कम, दुकानाचे नाव, बँकेच्या शाखेचे नाव. वारजे किंवा पर्वती जलकेंद्राच्या दुरुस्तीची सूचना हवी असेल तर ‘पाणी’पेक्षा ‘जलकेंद्र’ लाखपटीने बरा. तो शब्द महापालिकेच्या सूचनेत असतो आणि शेजाऱ्यांच्या गप्पांत सहसा नसतो. संदेश कोणत्या ग्रुपवर आला हे आठवत असेल तर मुख्य पडद्यावरून न शोधता आधी तो ग्रुप उघडावा आणि तिथल्या शोधात शब्द टाकावा. मुख्य पडद्यावरच्या शोधात फोटो, लिंक, ऑडिओ, डॉक्युमेंट असे प्रकार निवडता येतात. आधी ‘डॉक्युमेंट’ निवडून मग ‘नोटीस’ लिहिले, की नोटिशीबद्दलची सारी चर्चा बाजूला पडते आणि फायली तेवढ्या उरतात.

शब्द आठवतच नसेल तेव्हा तारीख कामाला येते. पेशवे दफ्तरातल्या मोडी पत्रांवर पुष्कळदा चंद्राची तिथी आणि महिना असतो, वर्ष नसते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात त्या दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड निघाले. अशा वर्षावाचूनच्या पत्रांचा काळ तेव्हा आतल्या घटनांवरून आणि माणसांच्या उल्लेखांवरून ठरवावा लागे. फोनमधल्या प्रत्येक संदेशावर मिनिटापर्यंतची वेळ आपोआप उमटते, आणि हे वैभव बहुतेक जण वापरतच नाहीत. व्हॉट्सॲपमध्ये संभाषणातला शोध उघडला की दिनदर्शिकेचे चिन्ह दिसते. तारीख निवडली की त्या दिवसाच्या पहिल्या संदेशावर जाता येते. अँड्रॉइडवर ही सोय 2024 च्या सुरुवातीला आली. तारीख ठाऊक नसली तरी ती शोधून काढता येते. पालखी पुण्यात मुक्कामी होती तो दिवस, विसर्जनाचा दुसरा दिवस, दहावीचा निकाल, पैसे गेल्याची बँकेची नोंद अशा पक्क्या खुणांवरून दोन-चार दिवसांच्या आत पोहोचता येते आणि पुढचे वाचून सापडते.

फोटो आणि आवाज हा सगळ्यात दुबळा भाग. मंडळाचे पत्रक, डॉक्टरांची चिठ्ठी, सोसायटीची सही-शिक्क्याची नोटीस हे सगळे फोटो म्हणून येते. फोटोतली अक्षरे संदेशांच्या शब्दसूचीत जात नाहीत. गूगल लेन्ससारखी साधने छापील देवनागरी बऱ्यापैकी वाचतात, पण त्यासाठी आधी फोटो सापडलेला असावा लागतो. खरा उपाय पाठवणाऱ्याकडे आहे: फोटोखाली एक ओळ लिहावी. ‘टँकर बिल, फेब्रुवारी 2025, ए विंग’ एवढ्या शब्दांनी तो कागद कायमचा शोधण्याजोगा होतो. फायलीचे नावही असेच बदलून पाठवावे, कारण स्कॅनरने दिलेल्या आकडेवजा नावावरून कोणालाच काही कळत नाही. आवाजातल्या निरोपाचे शब्दांत रूपांतर करण्याची सोय व्हॉट्सॲपने नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर केली, पण ती ठरावीक भाषांपुरती आहे. पत्ता, रक्कम, तारीख या गोष्टी बोलून पाठवण्याऐवजी लिहून पाठवणे हेच शहाणपणाचे. पुढे कधी त्या शोधाव्या लागतील, तर त्या लिहिलेल्याच सापडतील.

जे नक्की लागणार आहे ते शोधावर सोडूच नये. व्हॉट्सॲपवर संदेश दाबून धरून तारा दिला की तो वेगळ्या यादीत राहतो. ग्रुपमध्ये महत्त्वाची सूचना वर टाचून ठेवण्याची सोय डिसेंबर 2023 पासून आहे, मात्र ती ठरावीक दिवसांपुरती असते. नोव्हेंबर 2022 मध्ये स्वतःलाच संदेश पाठवण्याची सोय आली. घरातल्या विम्याचे क्रमांक, गॅसचा ग्राहक क्रमांक, सर्व्हिसिंगच्या तारखा तिथे साध्या मराठीत लिहून ठेवल्या, तर दुसऱ्या कुणाच्या लिहिण्याच्या सवयीवर अवलंबून राहावे लागत नाही. यातही एक सावधगिरी हवी. शोध जितका चांगला, तितकाच तो फोन हाती घेणाऱ्या दुसऱ्यालाही उपयोगी. पासवर्ड आणि पिन संभाषणात ठेवू नयेत. मे 2023 मध्ये आलेल्या कुलूपबंद गप्पांमधले संदेश नेहमीच्या शोधात दिसत नाहीत. एखादा संदेश सापडत नसेल तर ते संभाषण कुलपात आहे का, हेही पाहावे.

काही संदेश सापडत नाहीत कारण ते नसतातच. 2020 च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर नाहीशा होणाऱ्या संदेशांची सोय आली, तेव्हा मुदत सात दिवसांची होती. पुढल्या वर्षी 24 तास आणि 90 दिवस हे पर्याय मिळाले. ग्रुपमध्ये ही सोय कोणी सुरू केली असेल, तर हिशेबाचे संदेशही गप्पांबरोबर जातात. पैशांचे व्यवहार चालणाऱ्या ग्रुपमध्ये ती बंद असलेली बरी. अँड्रॉइडवर फोनमध्येच रोज पहाटे दोनला संभाषणांची एक प्रत तयार होते आणि शेवटच्या सात दिवसांच्या प्रती राहतात. चुकून पुसलेले संभाषण आठवड्याच्या आत परत आणण्याची वाट त्यामुळे उरते, पण परत आणताना त्या प्रतीनंतरचे संदेश गमवावे लागू शकतात.

सापडलेल्या संदेशाला वजन कधी येते, हा प्रश्न सभेत, ग्राहक आयोगापुढे किंवा कोर्टात उभा राहतो. मुंबई उच्च न्यायालयात 2018 मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यापुढे एका बँकेच्या कार्ड कंपनीचे प्रकरण आले होते. व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोहोचली आणि उघडली गेली हे निळ्या खुणांवरून दिसते, असे तिथे मान्य झाले. पुराव्याचा नियम मात्र कडक आहे आणि त्यावरचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणात लागला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात वाद झाला, त्यात चित्रफितींचा पुरावा होता. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना कायद्यातले प्रमाणपत्र आवश्यकच आहे. ज्याच्या मालकीचे मूळ उपकरण आहे त्याने ते स्वतः साक्षीला उभे राहून सादर केले, तरच त्याची गरज नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ही तरतूद त्याच्या कलम 63 मध्ये आली. प्रमाणपत्राच्या नमुन्यात आता नोंदीचे हॅश मूल्यही द्यावे लागते, म्हणजे नंतर एक अक्षर बदलले तरी ते उघड होते. म्हणून वादाचा संभव असलेला संदेश सापडला की नुसता स्क्रीनशॉट काढून थांबू नये. मूळ फोन जपावा, संदेश पुसू नये आणि त्या संभाषणाची प्रत ‘एक्स्पोर्ट चॅट’मधून काढून ठेवावी. तिच्यात प्रत्येक संदेशापुढे तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव साध्या मजकुरात येते, आणि साध्या मजकुराची ती फाईल संगणकावर उघडून ‘पाण्य’, ‘विजे’ अशा शब्दाच्या कोणत्याही तुकड्याने तपासता येते.